कोपोलाचा १९९२चा 'ड्रॅक्युला' आज बघण्यासारखा आहे का?

हो, पण कथेपेक्षा दृश्यांसाठी बघा. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने हा चित्रपट जवळजवळ सगळा सेटवरच चित्रित केला. संगणकी इफेक्ट टाळून डबल एक्स्पोजर (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण), मिनिएचर (छोटी मॉडेल्स), उलटी चालवलेली फिल्म अशा मूकपटांच्या काळातल्या युक्त्या वापरल्या. वाड्यातल्या प्रसंगात भिंतीकडे लक्ष ठेवा. काउंट, म्हणजे रक्तपिपासू सरदार ड्रॅक्युला, शांतपणे बोलत असतो आणि त्याच्या सावलीचे हात मात्र पाहुणा आलेल्या तरुण वकील जोनाथनच्या गळ्याकडे सरकतात! सावलीचं काम वेगळ्याच माणसाने केलंय, म्हणून ती किंचित मागेपुढे होते आणि त्यानेच अंगावर काटा येतो. एइको इशिओकाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच. सोललेल्या स्नायूंसारखं दिसणारं ते लाल चिलखत विसरता येत नाही.

कच्चा दुवा म्हणजे जोनाथन झालेला कियानू रीव्हज. ब्रिटिश उच्चार सांभाळण्यात त्याचा अभिनय अवघडून जातो आणि समोर काउंटच्या भूमिकेत गॅरी ओल्डमन असल्याने ते जास्तच खुपतं. जोनाथनची वाग्दत्त वधू मिना आणि काउंटचं प्रेम ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीत नाही. त्यामुळे करुणा वाढते, पण भीती ओसरते. शेवटचा पाठलागही घाईत उरकलाय.

मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर दिवे घालवून बघा. गडद लाल-काळ्यातले बारकावे नाहीतर हरवतात.