मेमरीचं ‘वाटप’ म्हणावं का?

सांगलीच्या विश्रामबागेतला एक विद्यार्थी डिव्हाइस ड्रायव्हरवर (प्रिंटर, नेटवर्क कार्ड अशी उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) मराठीत टिपणं काढतोय. त्याचा प्रश्न असा: कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या ‘मेमरी ॲलोकेशन’ला ‘स्मृती आवंटन’ लिहावं, की नुसतं ‘वाटप’ चालेल?

‘आवंटन’ सोडून द्या, तो हिंदी सरकारी कागदांवरचा शब्द. ‘स्मृती’ही नको. ती चषकावर आणि व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर शोभते. चिपमधली ती मेमरीच.

‘वाटप’ मात्र आपला रोजचा शब्द, आणि खरी अडचण त्याचीच आहे. पुस्तकांचं वाटप, साड्यांचं वाटप, भावाभावांतलं वाटप: दिलेलं ते घेणाऱ्याचं झालं, परत यायचं नाही. मेमरी मागायची, वापरायची आणि परत करायची असते. साधा प्रोग्रॅम परत करायला विसरला तरी तो संपल्यावर कर्नल त्याच्याकडची मेमरी काढून घेतो. ड्रायव्हर कर्नलच्याच आत चालतो, त्याला ही सवलत नाही. लिनक्समध्ये ‘केमॅलॉक’ या फंक्शनने घेतलेली जागा ‘केफ्री’ने परत केली नाही, तर ड्रायव्हर काढून टाकला तरी मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ती अडकून राहते. (‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शनं वापरली तर ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताना ती आपोआप परत जाते.) त्यामुळे ज्या विषयात परत करण्यालाच एवढं महत्त्व, तिथे ‘वाटप’ नको.

मी क्रियापद वापरेन: ड्रायव्हर मेमरी मागतो, कर्नल नेमून देतो. नाम हवंच असेल तर ‘नियतन’. रेशनच्या कारभारात ‘धान्याचं नियतन’ चांगलं रुळलंय. ते धान्यही परत येत नाही म्हणा, पण शब्दाचा अर्थ ‘ठरवून देणं’ एवढाच आहे. आणि ‘फ्री’ला ‘मुक्त करणे’ कशाला? ‘परत करणे’ लिहा.

विचारलेलं नाही, तरी सांगतो. ‘कंटिग्युअस’ला बरेच जण ‘संलग्न’ लिहितात. संलग्न असतं ते कॉलेज, विद्यापीठाशी. इथे हवा ‘सलग’. केमॅलॉक देतो ती जागा प्रत्यक्ष रॅममध्येही सलग असते. ‘व्हीमॅलॉक’ या दुसऱ्या फंक्शनचे पत्ते सलग दिसतात, पण त्यामागची पानं (रॅमचे ठरावीक मापाचे तुकडे) रॅमभर विखुरलेली असू शकतात. आठ-अचा उतारा डोळ्यांसमोर आणा: खातेदाराचे सगळे गट कागदावर एकाखाली एक, शिवारात मात्र एक ओढ्याकडेला, दुसरा माळावर. कर्नलची पेज टेबलं, म्हणजे कुठला पत्ता रॅममध्ये कुठे आहे याची नोंद, हाच हा उतारा. डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता रॅम वापरणाऱ्या डिव्हाइसच्या वाटेत आयओएमएमयू (पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसेल, तर त्याच्या हाती उतारा नसतोच. त्याला थेट रॅममधले पत्ते लागतात. मोठा बफर (माहिती तात्पुरती ठेवायची जागा) एकाच तुकड्यात घेणारं डिव्हाइस असेल, तर सलग जागेशिवाय त्याचं भागत नाही.

मशीन बराच वेळ चालू राहिली की मोकळ्या रॅमचे तुकडे पडत जातात. एकूण मेमरी भरपूर शिल्लक असूनही मोठी सलग मागणी नाकारली जाते ती यामुळे. तेव्हा कर्नल वापरातली पानं हलवून मोकळी जागा एकत्र आणू पाहतो. त्या ‘कॉम्पॅक्शन’ला शब्द घडवायची गरज नाही, १९४७च्या तुकडेबंदी कायद्याच्या नावातच तो आहे: ‘एकत्रीकरण’.

शेवटी ‘जीएफपी ॲटॉमिक’. एका टिपणात याचं ‘आण्विक मेमरी’ झालेलं पाहिलं. वाचून जैतापूर आठवलं. मागणीसोबत जाणारी ही खूण एवढंच सांगते की मला थांबता येणार नाही. इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली तातडीची हाक) हाताळताना ड्रायव्हरला थांबून राहायची मुभा नसते, म्हणून असेल तर लगेच दे, नसेल तर नाही म्हण. ‘जीएफपी कर्नल’ असेल तर जागा मोकळी होईपर्यंत थांबण्याची तयारी असते. टिपणात पहिलीला ‘न थांबता मागणी’ आणि दुसरीला ‘थांबून मागणी’ लिहा. खुणांची मूळ नावं तशीच ठेवा, कोडमध्ये तीच दिसणार आहेत.