पक्षाघाताच्या उपचारानंतर घरी सोडलेल्या रुग्णाला पुन्हा तातडीने रुग्णालयात का न्यावे लागते?

दुसरा झटका हे कारण सर्वांना सुचते; परंतु पहिल्या ३० दिवसांतील अशा भरतीमागे फुप्फुसांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, हृदयविकार आणि पडून झालेली इजा हीसुद्धा नेहमीची कारणे असतात. त्यांतही न्यूमोनियाकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्यामुळे अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते आणि काही रुग्णांना अशा वेळी खोकलाही येत नाही, त्यामुळे ताप येईपर्यंत घरच्यांना काहीच कळत नाही. म्हणूनच गिळण्याची तपासणी झाली आहे का आणि अन्न किती घट्ट वा पातळ द्यायचे, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे; रुग्णाला ताठ बसवूनच भरवावे आणि तोंडाची स्वच्छता राखावी. (ही स्वच्छता सहसा राहूनच जाते.)

रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तदाबाची औषधे बरे वाटू लागताच परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. चेहरा अचानक वाकडा झाला, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आतच देता येते, आणि नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णाला ते देता येईल की नाही, हे डॉक्टरच ठरवू शकतात.