स्प्रिंग नंतर, आधी बुश बघ
जुनी कूपे (दोन दारांची गाडी) घेतलीस ते मस्तच, पण लगेच लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या कडक स्प्रिंग) मागवू नकोस. एवढ्या जुन्या गाडीत कंट्रोल आर्मचे (चाक गाडीला जोडणारा दांडा) रबर बुश म्हणजे सांध्यातली रबरं, बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा), शॉकअप बहुतेक संपलेले असतात आणि गाडी वळणावर भरकटते ती त्यामुळेच, म्हणून आधी ते बदल, चांगले टायर टाक, अलाइनमेंट करून घे आणि मग चालवून बघ, अर्धं काम तिथेच होतं. आणि हो, रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाइट करायचे, जॅकवर लटकत असताना केले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे बरेच मेकॅनिक पण विसरतात.

कडक स्प्रिंगला त्याला मॅच होणारा शॉकअप लागतोच, नाहीतर गाडी उड्या मारते. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असेल तर फार खाली आणू नकोस, लोअर आर्मचं (खालच्या कंट्रोल आर्मचं) चाकाकडचं टोक वर गेलं की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खूप खाली जातो, २०-२५ मिमी पुरे. अँटी रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) शेवटी. पुढचा जाड केला की अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही गाडी कमी वळणं) वाढतं, मागचा केला की मागची बाजू लवकर सुटते, म्हणून एका वेळी एकच बदल कर.

स्ट्रट टॉवरला (बॉडीत स्ट्रटचं वरचं टोक बसतं त्या जागेला) गंज आहे का ते मात्र पार्ट मागवायच्या आधी बघ.