भाकरीची भाजी: 'वाचाघात' आणि 'शब्द विसरणे' यांत फरक काय?

सोलापूरहून आलेली विचारणा थोडक्यात अशी: अंगावरून वारं गेल्यानंतर घरातले आजोबा कागदावरचा 'भाकरी' हा शब्द 'भाजी' असा वाचतात, 'चादर'ला 'टॉवेल' म्हणतात. याला वाचा गेली म्हणायचं, शब्द विसरले म्हणायचं, की वाचाघात? आणि संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला (एकमेकांना जोडलेल्या साध्या घटकांचं, शिकू शकणारं जाळं) 'वाचाघात झाला' असं मराठीत लिहिणं योग्य का?

वाचा बसते किंवा जाते तेव्हा बोलणंच फुटत नाही. बोबडी भीतीनं वळते. जीभ जड झाली की शब्द बरोबर निवडलेला असतो, उच्चार तेवढा अस्पष्ट येतो. वाचाघात या तिन्हींहून वेगळा. त्यात आवाज खणखणीत असू शकतो. बिघडतं ते शब्द निवडणं, समजणं, वाचणं, लिहिणं. आजोबांच्या चुका या वाचाघातातल्या.

'शब्द विसरले' हा प्रयोग मात्र मला चुकीचा वाटतो, कारण त्यामुळे घरची माणसं आशा सोडतात. अशा रुग्णाला आज न आलेला शब्द उद्या येऊ शकतो. पुसून गेलेली गोष्ट अशी परत येत नाही. शब्द बहुधा शाबूत असतो, त्याच्याकडे जाणाऱ्या जोडण्या दुबळ्या झालेल्या असतात.

नेटवर्कचा उपयोग इथेच होतो. १९९१ साली संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन आणि मेंदू-मानसशास्त्रज्ञ टिम शॅलिस यांनी एका लहानशा नेटवर्कला ४० इंग्रजी शब्द वाचून त्यांचा अर्थ काढायला शिकवलं. पाच गटांत आठ-आठ शब्द होते: प्राणी, खाद्यपदार्थ, शरीराचे अवयव वगैरे. अक्षरांचे २८ घटक, मधले ४०, अर्थाचे ६८, आणि अर्थ नेमका करणारे आणखी ६०. शिकून झाल्यावर त्यांनी मुद्दाम इजा केली: कुठे काही जोडण्या यदृच्छेनं तोडल्या, कुठे जोडण्यांच्या वजनांत, म्हणजे त्यांच्या जोरात, गोंधळ मिसळला, कुठे घटकच काढून टाकले. इजा एकाच जागी केली, तरी चुका दोन्ही तऱ्हेच्या निघाल्या, दिसायला सारख्या शब्दाच्या आणि अर्थानं जवळच्या शब्दाच्याही. तोवर दोन तऱ्हेच्या चुका म्हणजे दोन वेगळे बिघाड, असं मानण्याकडे कल होता.

असं का होतं? उतारावरचं पाणी जवळच्या खळग्यात जमतं, तसं नेटवर्क अर्धवट अर्थापासून निघून जवळच्या पक्क्या अर्थावर स्थिरावतं. इजेनं खळग्यांच्या कडा सरकतात. 'भाकरी' आणि 'भाजी' यांची सुरुवात सारखी, म्हणून निघण्याची जागा जवळ; दोन्ही ताटातले, म्हणून खळगेही शेजारी. अशी दुहेरी जवळीक असली की घसरणं सोपं. 'चादर'चं 'टॉवेल' होतं तिथे नुसता अर्थ जवळचा आहे.

मराठी शब्दांवर हा प्रयोग करणाऱ्यानं दोन ठिकाणी जपावं. पहिलं, योगायोग आधी मोजा. ४० शब्दांच्या वरच्या मांडणीत डोळे मिटून चुकीचं उत्तर दिलं तरी ते त्याच गटातलं असण्याची शक्यता ३९ पैकी ७, म्हणजे सुमारे १८ टक्के. अर्थाच्या चुका त्याहून स्पष्टपणे जास्त असतील तरच त्यांना काही म्हणणं आहे. एकाच इजेवर विसंबू नका. तोडायच्या जोडण्या दर वेळी नव्यानं निवडून पुष्कळदा करा, आणि नेटवर्कही नव्यानं शिकवून पाहा. 'उत्तरच नाही' हा रकाना वेगळा ठेवा, तो चुकांत मिसळला की सगळं प्रमाण बिघडतं.

दुसरं, देवनागरी. युनिकोड या संगणकातल्या अक्षर-संकेतांच्या पद्धतीत 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण डोळ्याला वेलांटी आधी दिसते. संकेतांच्या क्रमावरून 'दिसायला सारखे' शब्द ठरवले तर हिशेब चुकतो. छापील अक्षराची आकृती धरा. शिवाय 'जग' हा शब्द 'दुनिया' या अर्थी वेगळ्या ज-नं आणि 'जगणे'च्या आज्ञार्थात वेगळ्या ज-नं वाचतात, लिपीत फरक नाही. मोठ्यानं वाचणारं नेटवर्क बांधायचं असेल तर असे शब्द सुट्टे देऊ नका, वाक्यात द्या.

'नेटवर्कला वाचाघात झाला' असं मी लिहिणार नाही. त्या नेटवर्कला ना कान, ना तोंड, ना बोलायचं कुणी. 'वाचाघाताचं प्रतिमान' (मॉडेल) म्हणा, आणि केलेल्या कृतीला सरळ 'जोडण्या तोडल्या' म्हणा. 'न्यूरल नेटवर्क' तसंच ठेवलं तरी चालेल. 'चेताजाल' अर्थानं चोख आहे, पण वाचणाऱ्याला त्याच्यापाशी थांबावं लागतं.

सोलापुरात चुकांची नोंद ठेवताना आणखी एक रकाना हवाच. इथे कितीतरी घरांत मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलतात. कन्नड घरातले आजोबा 'भाकरी' पाहून 'रोट्टी' म्हणाले, तर ती अर्थाची चूक नाही आणि निरर्थक शब्दही नाही. अर्थ बरोबर पोचला, भाषा दुसरी निघाली. तपासणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, आणि आजोबा लहानपणापासून घरात काय बोलत आले आहेत ते पहिल्याच भेटीत लिहून द्या.