मोने एकच गंजी इतक्यांदा का रंगवायचा?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून ऑइल पेंटिंग शिकतेय. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने म्हणे उघड्यावर एका बैठकीत चित्र संपवायचा, मग गवताच्या गंज्या इतक्यांदा का रंगवल्या? विषय संपले होते का?

उत्तर : विषय कुठले संपतायत हो, त्याचा विषय गंजी नव्हताच मुळी, गंजीवर पडणारा उजेड होता. १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात घराजवळच्या शेतात तो बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचा, उजेड बदलला की हातातला बाजूला आणि दुसरा पुढे, मग परत तसाच उजेड आला की पहिला घ्यायचा, त्यामुळे एका बैठकीचं म्हणाल तर ते खरं नाही. रुआं शहरातल्या कॅथीड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, तीसेक चित्रं त्याने १८९२-९३ मध्ये समोरच्या खोल्यांमधून सुरू केली आणि पुरी केली नंतर स्टुडिओत. त्यातला रंग जवळून बघा, इतका जाड आणि खरखरीत की भिंतीचा गिलावाच वाटतो, खालचा थर वाळल्यावर वरचा, असे थरावर थर. आणि बर्फातल्या गंजीची सावली बघाच, काळी नाहीये, निळी-जांभळी आहे! मला ती सगळ्यात जास्त आवडते.

तो रंगवत होता ती पॉपलरची झाडं तर तोडली जाणार होती, तेव्हा लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे देऊन त्याने चित्रं होईपर्यंत ती उभी ठेवली.

तुम्ही घरासमोरचं एकच झाड घ्या, सकाळचा कॅनव्हास वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा.