आधी इको, मग नवस

डाउन सिंड्रोमबद्दलची बरीच पत्रं इतकी सारखी असतात की या वेळी ती एकत्रच घेतली आहेत.

सुनेनं ग्रहणात भाजी चिरली होती. नातीला त्यामुळे झालं का? (आजी, सातारा)

नाही. डाउन सिंड्रोम होतो तो २१ व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे, आणि ती बहुतेक वेळा गर्भ राहतानाच आलेली असते. सुनेला हे ऐकवून झालं असेल, तर आजच तिची माफी मागा.

मुलगा आठ महिन्यांचा. बघितलं की पोटात कालवतं, कडेवर घेववत नाही. मी वाईट बाप आहे का? (सोलापूर)

नाही. मनातलं बाळ आलं नाही, याचं सुतक घरात कुणी पाळू देत नाही, म्हणून ते रेंगाळतं. ओपीडीत नेहमीचं दृश्य: बाळ आईच्या मांडीवर, बाबा फाइल छातीशी धरून दाराजवळ. रिपोर्ट तोंडपाठ, दात किती आले विचारलं की बायकोकडे बघणार! माया दाटून यायची वाट बघत बसू नका. त्याची रोजची आंघोळ तुम्ही घाला. अंग सैल असतं, आधार कसा द्यायचा ते थेरपिस्टकडून शिकून घ्या. झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

बाळ पाच महिन्यांचं. इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला होता, पण दूध पिताना येणारा घाम आता थांबलाय. वर्षाचं झाल्यावर केला तर? (जालना)

सांगितला त्याच दिवशी करायला हवा होता. यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसांकडे जादा रक्त जोरानं जातं; बाळ दोन घोट पितं, धापा टाकतं, कपाळ ओलं होतं. पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात, प्रवाह घटतो, घाम थांबतो. घरचे म्हणतात, नवस पावला. प्रत्यक्षात ऑपरेशनची वेळ निघून चाललेली असते, आणि एकदा गेली की सर्जन हात लावत नाहीत. मोठ्या छिद्रांचं ऑपरेशन बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच करतात. स्टेथोस्कोपला आवाज आला नाही, म्हणूनही निश्चिंत राहू नका. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, त्यात हृदयाचे जन्मजात दोष येतात. पण माझा अनुभव सांगतो, अडतं ते पैशांवर क्वचितच. इको केला की ‘आपलं बाळ तसं आहे’ हे मान्य करावं लागतं, तिथे अडतं. मान्य नंतर करा. बालहृदयरोगतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा.

स्टेम सेलच्या तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय, हप्तेही आहेत. (ठाणे)

घेऊ नका. जादा गुणसूत्र इंजेक्शननं निघत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू देत नाहीत. हप्ते सांगणाऱ्यांनी थायरॉइडची तपासणी सांगितली का? ती जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी करायची असते. बिघाड सापडला तर गोळी स्वस्त आहे. त्यात कुणाचं पॅकेज होत नाही, म्हणून कुणी जाहिरात करत नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर मुलीवर शिक्का बसेल ना?

काढा. ‘निरामय’ हा आरोग्य विमा त्यावरच मिळतो, एक लाखापर्यंत.

दीड वर्षाची आहे, चालत नाही. वॉकर आणलाय.

परत करा. ही मुलं बहुधा दोन वर्षांच्या आसपास चालतात. फिजिओथेरपिस्टला मात्र आताच दाखवा.