वाचकांचे प्रश्न : त्या ओळीतला शेवटचा ९

प्रश्न : मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. माझ्या शेजारणीचे पूर्वज याच राज्यात गुलाम होते. १८७० च्या जनगणनेत तिला त्यांची नावं सापडली, त्याआधी काहीच नाही. १७९० च्या यादीत मात्र त्याच आडनावाच्या एका गोऱ्या माणसापुढे १, २, ३, ०, ९ असे आकडे आहेत. यातून काही कळतं का?

उत्तर : शेवटचा आकडा आधी घेते. त्या घरी नऊ माणसं गुलामगिरीत होती. बायका किती, पुरुष किती, पाळण्यातलं कुणी होतं का, काहीही लिहिलेलं नाही. त्याआधीचे आकडे असे : सोळा आणि त्यावरचा गोरा पुरुष १, सोळाच्या आतले गोरे मुलगे २, गोऱ्या बायका-मुली ३, इतर स्वतंत्र माणसं शून्य. नाव एकट्या कुटुंबप्रमुखाचं.

गुलामांचा रकाना वेगळा, कारण राज्यांचे प्रतिनिधी ठरवताना राज्यघटनेनुसार गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांशच धरायचे होते. मोजणाऱ्याला मात्र ग्रामीण भागात दर १५० माणसांमागे एक डॉलर मिळे आणि त्या हिशेबात गुलामही पुरता एक माणूस होता. यादीची प्रत दोन सार्वजनिक जागी लावत, चूक असेल तर लोकांनी दाखवावी म्हणून. इतकी वर्षं मायक्रोफिल्मवर या याद्या वाचतेय, पण ते भिंतीवरचे कागद मनातून जात नाहीत. ज्या नऊ जणांची तिथे नुसती बेरीज होती, त्यांचं म्हणणं कोण ऐकून घेणार होतं?

आता त्याच घराची पुढची ओळ शोधा. १८०० आणि १८१० मध्ये गुलामांचा एकच आकडा आहे. १८२० पासून वयोगट आणि स्त्री-पुरुष वेगळे दिसतात. १८२० चे गट असे : चौदाच्या आत, चौदा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस, त्यापुढे. इथे घाई करू नका. मला एकदा एका घरी चौदाच्या आतली सहा मुलं आणि सव्वीस ते पंचेचाळीसमधली एकच बाई दिसली. सहाही तिचीच, असं मी वहीत लिहूनही टाकलं. पुढे मालक वारल्यावर केलेली मालमत्तेची यादी हाती आली. त्यातली दोन मुलं दुसऱ्या घरून विकत घेतलेली होती, आईवेगळी. वहीतलं ते पान मी फाडलं नाही, खाली दुरुस्ती लिहिली.

१८५० च्या कोष्टकात गुलामांची नावं लिहायची असा मूळ प्रस्ताव होता. दक्षिणेच्या सिनेटरांनी विरोध केला आणि नावाच्या जागी क्रमांक आला. मालकाचं नाव, खाली क्रमांक, वय, लिंग, रंग. म्हणूनच तुमच्या शेजारणीची वाट १८७० ला अडते. शिवाय १८५० मध्ये गुलाम ज्याच्याकडे कामाला सापडेल, त्यालाच मालक धरा अशी सूचना होती. त्यामुळे भाड्याने आणलेला माणूसही त्या घराच्या नावावर चढला.

कुटुंबप्रमुख स्वतः स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि त्याच्या घरी गुलाम, अशीही ओळ कधी भेटेल. व्हर्जिनियात १८०६ च्या कायद्याने, मुक्त झालेल्याला वर्षभरात राज्य सोडावं लागे. विकत घेऊन सोडवलेली बायको जवळ राहावी म्हणून काही नवऱ्यांनी तिला कागदोपत्री गुलामच ठेवलं. रकाना हे सांगत नाही.

एक गोष्ट शेजारणीला हळुवारपणे सांगा. नुसत्या आडनावावरून हेच ते घर असं धरू नका. मुक्त झाल्यावर कुणी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं, कुणी आधीच्या, कुणी अगदी वेगळंच.

नावं सापडण्याची खरी आशा मृत्युपत्रांत आणि वारसाहक्काच्या कागदांत आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या बऱ्याच काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, असे जुने कागद रॅली या राजधानीच्या शहरात, राज्य अभिलेखागारात आहेत. गाई, नांगर, पलंग यांच्या मध्येच नाव आणि पुढे किंमत, अशा ओळी तिथे येतात. वाचवत नाहीत. तरी शेजारणीबरोबर बसून वाचा, तिला एकटीला वाचायला लावू नका. नावं, वयं जे मिळेल ते मला पाठवा. १८२० च्या ओळीशी आपण मिळून लावून बघू.